जंत कोंबडीत कमी, मातीत जास्त

या खेपेला आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं कोंबड्यांच्या जंतांबद्दलची निघाली, तेव्हा हा महिना पूर्ण त्यांनाच. कुत्री-मांजरंवाल्यांनी रागावू नका, तुमची पत्रं ठेवलीयत बाजूला. लिहिणारे बहुतेक सगळे मोकळ्या सोडलेल्या कोंबड्या पाळणारे आहेत, म्हणजे दिवसभर बाहेर उकरत फिरायचं आणि रात्री खुराड्यात. अशा कोंबडीच्या पोटात जंत निघाले ही काही बातमी नाही, असणारच असं धरून चालायचं. बघायचं एवढंच की कुठले आहेत, किती आहेत आणि तिला त्याचा त्रास होतोय का.

प्रश्न: मॅडम, माझ्याकडे १४ कोंबड्या आहेत. काल खुराडं साफ करताना विष्ठेत बोटाएवढा लांब पांढरा जंत दिसला, चक्क हलत होता. मला शिसारीच आली. कुठल्या कोंबडीचा ते कळत नाही, सगळ्या खातायत-पितायत, अंडी पण चालू आहेत. सगळ्यांना औषध द्यायचं का? आणि हा घरातल्या लहान मुलांना होईल का?

उत्तर: शेवटचं आधी घेते, कारण त्यानेच तुमची झोप उडाली असणार. नाही होत. हा कोंबडीचा गोल जंत, अस्कॅरिडिया गॅली. माणसाच्या पोटात होतो तो वेगळा, नावात थोडं साम्य आहे इतकंच. मुलांनी कोंबड्या हाताळल्यावर साबणाने हात धुवायचेच, पण ते साल्मोनेलासारख्या जिवाणूंसाठी, या जंतासाठी नाही.

हा कोंबडीच्या लहान आतड्यात राहतो, मादी ७ ते १२ सेंटीमीटरपर्यंत वाढते, नर जरा आखूड. कोंबडीतल्या गोल जंतांमध्ये सगळ्यात मोठा हाच, म्हणून लोकांना दिसतो पण हाच. दिसला म्हणजे कळपात जंत आहेत एवढं नक्की झालं, पण एक दिसला म्हणून फार आहेत असं नाही आणि दिसत नाहीत म्हणून नाहीत असंही नाही, कारण आत हजारो अंडी घालणारी मादी बसलेली असते आणि बाहेर आपल्याला काहीच दिसत नाही. साध्या डोळ्याला दिसतो तो बहुतेक म्हातारा होऊन सुटलेला जंत.

आता कोंबड्यांकडे बघा. रात्री त्या बसल्या की एकेक उचलायची आणि छातीच्या मधल्या हाडावरून हात फिरवायचा. दोन्ही बाजूला मांस भरलेलं लागलं तर ठीक, हाड सुरीच्या पाठीसारखं टोचायला लागलं तर ती कोंबडी खाते ते अंगी लागत नाहीये. तुरा फिका पडलाय का बघा, शेपटीखालची पिसं घाण झालीयत का बघा. १४ कोंबड्यांना अर्धा तास पुरतो आणि दिवसा पळापळ करण्यापेक्षा रात्री फार सोपं पडतं.

यात बहुतेक वेळा एक गंमत दिसते. जंत सगळ्या कोंबड्यांत सारखे वाटलेले नसतात, थोड्याच कोंबड्यांच्या पोटात भरपूर असतात आणि बाकीच्यांत नावापुरते. तुमच्या १४ मध्ये दोघी-तिघी हाडकलेल्या निघाल्या तर अख्ख्या अंगणात अंडी पसरवायचं काम मुख्यतः त्याच करत असतील. पण द्यायचं झालं तर औषध सगळ्यांना एकदमच द्यायचं. मात्र त्याआधी विष्ठा तपासून घ्या, ते कसं करायचं पुढे एका उत्तरात सांगितलंय. सगळ्या भरलेल्या असतील, अंडी चालू असतील तर दोन-चार दिवसांनी काही बिघडत नाही.

३ महिन्यांच्या आतली पिल्लं किंवा तलंगा असतील तर मात्र इतकं निवांत राहू नका. मोठ्या कोंबडीला या जंताशी थोडंफार जमवून घेता येतं, लहान पिल्लाला नाही. त्यांच्यात वाढ खुंटते, पंख लोंबतात आणि फारच झाले तर जंतांच्या गुंत्याने आतडंच तुंबतं.

प्रश्न: नमस्कार मॅडम. मी दर २ महिन्यांनी न चुकता जंताचं औषध पाण्यातून देतो, तरी प्रत्येक वेळी तपासलं की परत जंत. तीन वेगवेगळ्या कंपन्यांची औषधं बदलून झाली. एकतर औषधं बोगस आहेत किंवा माझ्या कोंबड्यांमध्येच काहीतरी खोट आहे. नक्की काय समजायचं?

उत्तर: औषध बोगस नसेल आणि कोंबड्यांतही खोट नसेल. तुमच्या पत्रातला '२ महिने' हा आकडा वाचून मला हसू आलं, कारण ते वेळापत्रक तुमचं नाहीच, जंताचं आहे.

कसं ते बघा. जंताची मादी अंडी घालते, ती विष्ठेतून मातीत पडतात. पडल्या पडल्या खाल्ली तर काही होत नाही, आधी त्या अंड्यात अळी तयार व्हावी लागते. ऊब आणि ओल असेल तर त्याला १० ते २० दिवस लागतात, थंडीत बरेच जास्त. मग कोंबडी उकरताना ते अंडं दाण्याबरोबर, मातीबरोबर पोटात घेते. आत अळी सुटते, काही दिवस आतड्यात फिरते, मग आतड्याच्या अस्तरात तोंड खुपसून राहते (खरं नुकसान ती तिथेच करते), परत बाहेर येते आणि मोठी होते. अंडं खाल्ल्यापासून नव्या मादीची अंडी विष्ठेत दिसेपर्यंत ५ ते ८ आठवडे जातात. तुम्ही औषध दिलं, पोटातले जंत मेले, कोंबडी त्याच दुपारी त्याच कोपऱ्यात उकरायला गेली आणि तिथे आधीची अंडी तयारच होती. ५ ते ८ आठवड्यांनी तुम्ही तपासलं. मग दुसरं काय दिसणार!

आणि ही अंडी म्हणजे जाड कवचाची, महा चिवट जात. ओलसर सावलीच्या मातीत महिनोन्‌महिने, वर्षभर आणि त्याहून जास्तही टिकतात. थंडीत मरत नाहीत, नुसती थांबून राहतात आणि ऊब आली की परत सुरू. फिनेल, जंतुनाशकं वगैरे जे आपण जमिनीवर ओततो त्यातल्या बहुतेकांना ती दाद देत नाहीत, उगाच आपल्याला काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. त्यांना मारतं ते कडक ऊन आणि कोरडेपणा. मी नेहमी सांगते, कुठल्याही क्षणी तुमच्या कळपाचे जितके जंत कोंबड्यांच्या पोटात असतात त्याच्या कितीतरी पट बाहेर मातीत असतात, आणि आपण मात्र औषधाची बाटली घेऊन फक्त पोटातल्यांच्याच मागे लागतो.

म्हणून तुमच्या अंगणात एक फेरी मारा आणि कोंबड्या दिवसभर कुठे असतात ते बघा. मोकळं सोडलं म्हणजे त्या सगळीकडे सारख्या फिरतात असं आपल्याला वाटतं, तसं अजिबात नसतं. खुराड्याच्या दारापुढचा पट्टा, एखादं सावलीचं झाड, पाण्याच्या भांड्याभोवतालचा चिखल, धूळ अंघोळीचा खड्डा, बस्स. जागा कितीही मोठी असली तरी विष्ठा या चार ठिकाणीच साचते आणि खाणं-उकरणंही तिथेच. जंताला आणखी काय हवं.

पाण्याच्या भांड्याखाली जाळी टाका किंवा खडी पसरा म्हणजे सांडलेलं पाणी साचणार नाही आणि कोंबड्यांना तिथे उकरता येणार नाही. दारापुढचा पट्टा, जिथे गवताचं एक पातंसुद्धा उरलेलं नसतं, तिथली वरची माती दर काही महिन्यांनी खरवडून काढा आणि खडी किंवा लाकडाचा जाड भुसा टाका. दाणे जमिनीवर फेकू नका, हे फार जणांना जड जातं कारण दाणे फेकायला मजा येते आणि कोंबड्यांनाही ते आवडतं, पण निदान त्या घाण पट्ट्यात तरी फेकू नका, भांड्यात द्या. गवत असेल तर आखूड ठेवा, म्हणजे ऊन मातीपर्यंत पोचतं. आणि जागा असेल तर तिचे तीन-चार भाग करून कोंबड्या फिरत्या ठेवा. आता इथे लोक चूक अशी करतात की दोन आठवड्यांनी परत पहिल्या भागात आणतात, म्हणजे अंडी बरोबर तयार व्हायच्या वेळेलाच! विश्रांती द्यायची तर काही महिने द्या, आणि तीही उन्हाच्या दिवसांत, नाहीतर तिचा फारसा उपयोग नाही. खुराड्यातला भुसा कोरडा ठेवा. मूठभर घेऊन दाबला आणि गोळा झाला तर ओला आहे, बदला.

आता तुमच्या औषधाबद्दल, कारण तिथेही दोन गोष्टी मला खटकल्या. पाण्यातून देताय, पण कोंबड्या मोकळ्या आहेत. बाहेर डबकं असेल, नळाखाली बादली असेल तर त्या तुमचं औषधाचं पाणी कशाला पितील, काही औषधं कडू असतात, लिव्हॅमिसोल तर चांगलंच कडू. औषधाच्या दिवशी दुसरं पाणी पूर्ण बंद हवं. फेनबेंडॅझोलच्या काही पातळ औषधांचा साका पाण्यात तळाशी बसतो, मग शेवटी पिणारीला भरपूर आणि आधी पिणारीला नुसतं पाणी. पाण्यासाठीचं म्हणून वेगळं बनवलेलं मिळतं तेच पाण्यात घाला, नाहीतर खाद्यातून द्या. वजनाचा अंदाज पण आपण कमीच धरतो. अशा अर्ध्यामुर्ध्या डोसनेच जंत औषधाला सरावतात. टर्कीतल्या अशाच एका गोल जंतावर फेनबेंडॅझोल चालेनासं झाल्याचं आढळलेलंही आहे.

आणि कंपन्या बदलल्यात म्हणता, पण बाटलीवर आतल्या औषधाचं नाव वाचलंत का? तीन कंपन्या आणि आत एकच औषध असंही असू शकतं. पायपरझिन असेल तर ते फक्त मोठ्या गोल जंतांवर चालतं, अस्तरात बसलेल्या अळ्या तशाच राहतात. बाकी जातींवर तर त्याचा भरवसा धरूच नका.

प्रश्न: भोपळ्याच्या बिया, लसूण, पाण्यात व्हिनेगर आणि ती पांढरी डायटोमाइट पावडर, हे चारही मी नियमित देते. केमिकल द्यायचंच नाही असं ठरवलंय. माझ्या कोंबड्यांना आजवर कधी जंत दिसले नाहीत. तुमचं काय मत?

उत्तर: दिसले नाहीत की तपासले नाहीत, ताई?

भोपळ्याच्या बिया द्या, चांगलं खाणं आहे. लसूण थोडा द्या. पण यातल्या कशानेही भरलेलं पोट रिकामं होतं असं म्हणण्याइतका पुरावा नाही. व्हिनेगरचं पाणी जंताला काही करत नाही, धातूच्या भांड्यात ठेवलंत तर भांडं मात्र खराब होईल. पांढरी पावडर कोरडी असताना किड्यांच्या अंगावर काम करते, आतड्यात सगळं ओलं, तिथे तिचं काय चालणार, आणि ती उधळून देताना तुमच्या आणि कोंबड्यांच्या छातीत जाते ते वेगळंच.

तुमच्या कोंबड्या खरंच ठणठणीत असतील, मी नाही म्हणत नाही. बहुतेक तुमची जागा कोरडी असेल, कोंबड्या कमी असतील आणि खाणं उत्तम असेल. खाण्याचा जंतांशी संबंध आहेच, 'अ' जीवनसत्त्व आणि प्रथिनं कमी पडलेल्या कोंबडीत गोल जंत जास्त तग धरतात. म्हणजे श्रेय तुमचंच, फक्त ते व्हिनेगरला देऊ नका. वर्षातून दोनदा विष्ठा तपासा. काही निघालं नाही तर औषधाचा विषयच नाही, मीही देणार नाही.

प्रश्न: ५ आठवड्यांची २० पिल्लं. तीन दिवसांपासून मलूल, पिसं फुगवून एकमेकांना चिकटून बसतात आणि विष्ठेत रक्त. दुकानदाराने जंताचं औषध दिलं ते दोन दिवस दिलं, तरी ४ मेली. डोस वाढवू का?

उत्तर: वाढवू नका, बंदच करा. हे छापून येईपर्यंत उशीर होईल म्हणून तुम्हाला आधीच कळवलं होतं, इथे बाकीच्यांसाठी लिहितेय.

या वयात विष्ठेत रक्त म्हणजे पहिला संशय रक्ती हगवणीचा, कॉक्सिडिओसिसचा. हा जंत नाहीच, आयमेरिया नावाचा एकपेशी जीव आहे, सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही, आणि जंताच्या औषधाचा त्याच्यावर काडीचाही परिणाम होत नाही. कोंबड्यांत याच्या सात जाती मानतात. आयमेरिया टेनेला ही आतड्याच्या टोकाशी असलेल्या दोन बंद पिशव्यांत बसते आणि तिथून रक्त सुटतं. गोल जंताला मोठं व्हायला आठवडे लागतात, हा ४ ते ७ दिवसांत एक फेरा पूर्ण करून विष्ठेतून लाखोंनी बाहेर पडतो आणि उबदार ओल्या भुशात दीड-दोन दिवसांत परत लागण करायला तयार. म्हणून सोमवारी एक पिल्लू मलूल दिसतं आणि शनिवारी अर्धा कळप.

याला अँप्रोलियम किंवा टोल्ट्राझुरिलसारखं औषध लागतं, पाण्यातून, कारण आजारी पिल्लू खाणं सोडतं पण पाणी पितं. अँप्रोलियम चालू असताना 'बी' कॉम्प्लेक्स देऊ नका. हे औषध बी-१ जीवनसत्त्वासारखं सोंग घेऊन त्या जीवाची उपासमार करतं, तुम्ही प्रेमाने बी-१ पाजलंत की औषधाची सगळी मेहनत पाण्यात. कोर्स संपल्यावर जीवनसत्त्वं द्या. आणि औषधाबरोबर भुसा बदला, सगळाच्या सगळा, ओला भाग उचलून वरून नवीन टाकायचं नाही. पाण्याचं भांडं पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर लटकवा म्हणजे त्यात ती घाण करणार नाहीत.

ही चूक दुकानदाराचीच असं नाही, मीही केलेली आहे. शिकून बाहेर पडल्यावर पहिल्याच वर्षी एका माणसाने पिल्लांच्या पोटात बिघाड आहे म्हणून सांगितलं आणि मी न बघता जंताचं औषध लिहून दिलं. तो तिसऱ्या दिवशी मेलेलं पिल्लू पिशवीत घालून घेऊन आला. पोट उघडलं तर त्या दोन पिशव्या रक्ताने टम्म, जंत एकही नाही. तेव्हापासून एखादं मेलं की ते पुरू नका, उघडून घ्या असं मी सगळ्यांना सांगते. मेलेलं एक पिल्लू बाकीच्या १६ जणांचं निदान सांगून जातं.

प्रश्न: कोंबडीच्या विष्ठेवर तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे, काही हळूहळू हलतात. फेनबेंडॅझोल दिलं, थोडे दिवस बंद झालं, परत सुरू.

उत्तर: हे चपट्या जंताचे, टेपवर्मचे तुटलेले तुकडे. अख्खा जंत आत आतड्याला डोकं रुतवून बसलेला असतो, मागचे पिकलेले तुकडे तेवढे गळतात. तुम्ही दिलेल्या औषधाने शेपूट तुटली असेल, डोकं राहिलं, परत वाढलं. यावर पक्कं औषध प्राझिक्वांटेल, पण अंडी देणाऱ्या कोंबडीला देण्याबद्दल ठिकठिकाणी नियम वेगळे आहेत तेव्हा ते डॉक्टरांकडूनच लिहून घ्या.

चपटा जंत एका कोंबडीच्या विष्ठेतून थेट दुसरीला होत नाही, मध्ये एक वाहक लागतोच. रायलेटिना जातीच्या जंतांना मुंग्या आणि भुंगेरे लागतात, कोआनोटीनियाला घरमाशी आणि भुंगेरे, आणि डॅव्हेनिया म्हणून एक आहे त्याला गोगलगाय. हा डॅव्हेनिया जेमतेम ४ मिलिमीटरचा, पण या सगळ्यांत वाईट तोच. लांबीवरून कोणाला घाबरायचं ते ठरवू नका. मोकळी कोंबडी मुंग्या, किडे खाणारच, ते थांबवता येत नाही. पण खाद्य उघडं ठेवून भुंगेरे पोसणं, विष्ठेचा ढीग दाराशी ठेवून माश्या पोसणं आणि ओल्या फळ्यांखाली गोगलगायी पोसणं, एवढं तर थांबवता येतं ना.

प्रश्न: कोंबड्यांबरोबर ४ टर्की पाळायच्या आहेत, एकाच आवारात. जुने लोक म्हणतात नको. अंधश्रद्धा आहे का?

उत्तर: जुने लोक बरोबर आहेत, आणि कारण ऐकलंत तर थक्क व्हाल.

कोंबडीच्या त्या दोन बंद पिशव्यांत हेटेराकिस नावाचा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचा बारीक जंत असतो. कोंबडीला तो फारसा त्रासच देत नाही, बहुतेकांना आयुष्यभर कळतही नाही. पण त्याच्या अंड्याच्या आत हिस्टोमोनास नावाचा एकपेशी जीव लपून बसतो. हा जीव एकटा उघड्यावर पडला तर काही तासांत मरतो, जंताच्या अंड्यात मात्र वर्षानुवर्षं जिवंत. ते अंडं गांडूळ खातं, गांडुळात अळी तशीच थांबते, आणि ते गांडूळ टर्की खाते. पाकिटात पाकीट, त्यात पाकीट! मग टर्कीच्या यकृतावर गोल गोल डाग, गंधकासारखी पिवळी विष्ठा, आणि कळपच्या कळप आडवा होतो. ब्लॅकहेड म्हणतात याला, थिओबाल्ड स्मिथ यांनी १८९५ मध्ये टर्कीत याचं वर्णन केलं आणि जंताच्या अंड्यातून तो पसरतो हे १९२० मध्ये दाखवलं गेलं. बऱ्याच देशांत यावर चालणारी औषधं बंद झालीयत, त्यामुळे झाल्यावर हातात फार काही उरत नाही. वेगळ्या जागेत पाळा, आणि वेगळी म्हणजे जिथे आधी कोंबड्या नव्हत्या अशी.

प्रश्न: विष्ठा तपासा, विष्ठा तपासा असं तुम्ही म्हणता पण ती न्यायची कशी, किती, कुठल्या कोंबडीची? लॅबवाला म्हणाला असली घाण आणू नका.

उत्तर: जनावरांची तपासणी करणारी लॅब बघा, माणसांच्या लॅबवाल्याचं बरोबर आहे बिचाऱ्याचं.

सकाळी सकाळी ताजी उचला, १० ते २० वेगवेगळ्या ठिकाणांहून चिमूट चिमूट, सगळी एका झाकणाच्या डबीत. एकाच कोंबडीची नको, कारण वर म्हटलं तसं जंत थोड्यांच्याच पोटात असतात आणि नेमकी ती सुटायची. यात नेहमीची घट्ट, वर पांढरी टोपी असलेली पण घ्या आणि ती चॉकलेटी, चिकट, भयंकर वासाची पण घ्या. ती दुसरी बघून लोक हगवण लागली म्हणून घाबरतात, पण ती त्या बंद पिशव्यांतली असते, निरोगी कोंबडी दिवसातून काही वेळा तशी टाकतेच. लगेच नेता येत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा (घरच्यांना सांगून), फ्रीझरमध्ये नाही. उन्हात गाडीत तर अजिबात नको.

लॅबमध्ये ती मिठाच्या संपृक्त पाण्यात घोळतात, घाण खाली बसते, जंतांची हलकी अंडी वर तरंगतात आणि ती मोजतात. रिपोर्टमध्ये 'अस्कॅरिडिया किंवा हेटेराकिस' असं मोघम आलं तर लॅबला नावं ठेवू नका, दोघांची अंडी खरंच इतकी सारखी दिसतात. कॅपिलॅरिया लिहून आला, म्हणजे केसासारखा बारीक जंत, तर मात्र मला लगेच कळवा. त्याची अंडी लिंबासारखी, दोन्ही टोकांना बूच. तो डोळ्याला दिसत नाही, आकडा छोटा असला तरी कोंबडीला वाळवून टाकतो, आणि त्याच्यासाठी फेनबेंडॅझोल किंवा फ्लुबेंडॅझोल काही दिवस सलग द्यावं लागतं, एका दिवसाचं काम नाही. चपट्या जंताची अंडी या तपासणीत बहुतेक सुटतात, ती तुकड्यांतच बंद असतात, तेव्हा त्यासाठी डोळे उघडे ठेवणंच बरं.

औषध दिलं तर १० ते १४ दिवसांनी परत एकदा तपासा. आकडा जवळजवळ शून्यावर आला पाहिजे. नाही आला तर डोस चुकला किंवा औषध चालत नाही, दोन्हींपैकी काय ते शोधायचं.

प्रश्न: कोंबडी मान लांब करून चोच उघडते, खोकल्यासारखा आवाज. हे पण जंतच का?

उत्तर: असू शकतं. श्वासनळीतला लाल जंत, गेपवर्म, नर-मादी कायम जोडलेले म्हणून इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसतो. गांडूळ-गोगलगायीतून येतो. पण असा आवाज सर्दीच्या आजारांतही येतो, गळ्याखालची पिशवी तुंबली तरी मान लांबवते आणि उकाड्यातही सगळ्याच चोच उघडतात. दाखवून घ्या, अंदाजाने औषध नको.

प्रश्न: औषध दिल्यावर अंडी किती दिवस खायची नाहीत? एकजण म्हणतो ७, एकजण १४, एकजण म्हणतो लगेच खा. आणि अंड्यातच जंत निघाला तर?

उत्तर: तिघेही आपापल्या बाटलीपुरते बरोबर असतील. हे दिवस औषधावर, त्याच्या ताकदीवर आणि त्या देशाच्या नियमावर ठरतात, काही औषधांना शून्य दिवस आहेत, काही अंडी देणाऱ्या कोंबडीला द्यायचीच नाहीत असं स्पष्ट लिहिलेलं असतं. लेबल वाचा, त्यावर कोंबडीचा उल्लेखच नसेल (गाई-शेळ्यांचं औषध आपण सर्रास कोंबडीला देतो, माहितीये मला) तर दिवस डॉक्टरांना विचारा. तेवढ्या दिवसांची अंडी टाकायची, उबवायला बसवली तरी चालेल का तेही विचारून घ्या. पिसं झडून नवीन येत असतील तेव्हा शक्यतो फेनबेंडॅझोल टाळा, काही पक्ष्यांत नवी पिसं वेडीवाकडी आल्याचं दिसलंय.

अंड्यात जंत निघणं फार दुर्मिळ, पण होतं. वाट चुकलेला जंत मागच्या बाजूने अंडनलिकेत शिरतो आणि कवच बनण्याआधी आत अडकतो. खाल्लं गेलं असतं तरी काही झालं नसतं, पण कोणी खाणार नाही हे मलाही कळतं. ते फेकून द्या आणि बाकीच्यांची विष्ठा तपासायला न्या.

प्रश्न: खुराड्यातली घाण भाजीच्या वाफ्यात टाकतो. कोंबड्या त्याच वाफ्यात उकरतात. चालेल?

उत्तर: ताजी नको. ढीग लावा, ओलसर ठेवा आणि मधून मधून पालटा. आत ५५ अंशांच्या वर काही दिवस तापला की जंतांची अंडी मरतात, पण बाहेरची बाजू थंडच राहते म्हणून ती आत घालण्यासाठी पालटायचं. आत लोखंडी सळई खुपसून दहा मिनिटांनी काढा, हातात धरवली नाही तर ढीग चांगला तापलाय. आणि तापेपर्यंत त्यावर जाळी टाका, नाहीतर ढीग उकरायला सगळ्यात आधी तुमच्या कोंबड्याच हजर होतील.